तात्या, कंसातलं वाक्य आधी

पत्र असं आहे, थोडं कमी करून:

"वय ७४. एसटीत कंडक्टर होतो, शेवटची सहा वर्षं कंट्रोलर. सातारा जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी स्वतःच्या घरात एकटा राहतो. मंडळी जाऊन चौदा महिने झाले. मुलगा पुण्याला, इकडे या म्हणतो, पण तिथं मला करमत नाही. आषाढात पहाटे चारला मोरीत पाय घसरून पडलो. हाड मोडलं नाही, पण उठता येईना. दूधवाला येईपर्यंत तिथंच बसून होतो. (झोप येत नाही म्हणून मेडिकलवाल्याकडून अर्धी गोळी आणून घेतो.) बीपीची गोळी आहे, डोकं जड वाटलं की घेतो. डाव्या डोळ्याला धुरकट दिसतं. मुलगा व्हॉट्सअ‍ॅपवर ज्येष्ठांच्या योजना पाठवतो, सतरा झाल्या, मोजल्यात. खरं काय, खोटं काय कळत नाही. गावात ज्येष्ठ नागरिक संघ आहे, सगळे म्हणतात तिथं जात जा. पण तिथं सगळे म्हातारे बसतात. मी नक्की कुठं जाऊ?"

तात्या, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसले. चौऱ्याहत्तराव्या वर्षी "तिथं सगळे म्हातारे बसतात" असं लिहायला छाती लागते. दुसऱ्यांदा वाचताना मात्र कंसापाशी अडले. अख्ख्या पत्रातलं महत्त्वाचं वाक्य तुम्ही कंसात टाकलंत. मी सरकारी दवाखान्यात समाजसेवा अधीक्षक होते, तिथं हे रोज बघायचे. पेशंट पाच मिनिटं गुडघ्याबद्दल बोलणार, उठणार, आणि दाराशी जाऊन म्हणणार, "आणि हां, एक सांगायचं राहिलं." डॉक्टर तेव्हा पेन परत हातात घ्यायचे.

तर आधी ती अर्धी गोळी. झोपेच्या गोळ्या म्हाताऱ्या (शब्दाचा राग मानू नका, मीही त्यातलीच) शरीरातून लवकर बाहेर पडत नाहीत. रात्री दहाला घेतलेलीचा अंमल पहाटे चारला असतोच. अशा वेळी लघवीला उठायचं, अंधारात, एका डोळ्यानं धुरकट बघत, ओल्या मोरीत. त्यातून बीपीची गोळी तुम्ही मनाला येईल तशी घेता, म्हणजे अंथरुणातून उठताना प्रेशर कुठं असेल याचा नेम नाही. तुम्ही लिहिलंय पाय घसरला. मला तो एकटा घसरला असेल असं वाटत नाही.

म्हणून ती गोळी आजच फेकून द्या, असं मी म्हणेन असं तुम्हाला वाटेल. तसं करू नका. बरेच दिवस घेतलेली गोळी एका दिवसात तोडली तर झोप आणखी उडते, हातपाय कापतात, जीव घाबरा होतो. ती पायरीपायरीनं डॉक्टरच कमी करतात. तुम्ही फक्त पाकीट बरोबर न्या. नाव पाठ करून जाऊ नका, पाकीट न्या. आणि चिठ्ठीशिवाय झोपेची गोळी देणारा मेडिकलवाला तुमचा कितीही जुना दोस्त असला, तरी त्याच्याकडची ती सोय आता बंद.

न्यायचं कुठं? तालुक्याला ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय असेल. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून सगळं मोफत आहे, त्यामुळे खिशाचा प्रश्न नाही. वृद्धांच्या आरोग्यासाठी २०१०-११ पासून एक राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे. त्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एकदा आणि ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून दोनदा ज्येष्ठांची वेगळी ओपीडी धरलेली आहे, जिल्ह्याच्या सिव्हिलला दहा खाटांचा वेगळा वॉर्ड. कागदावरचा वार आणि खरा वार कधी जुळत नाही, ते केसपेपरच्या खिडकीवर विचारून घ्या. "अशी ओपीडी नाही" असं उत्तर आलं तर वाद घालत बसू नका, एनसीडीची खोली कुठं आहे ते विचारा. बीपी आणि शुगरवाल्यांची खोली ती. तिथं नोंद झाली की दर महिन्याचं माप आणि महिन्याच्या गोळ्या मिळतात.

याबाबतीत तुमचा जिल्हा जुना आहे. देशभर रक्तदाबाचा जो उपक्रम २०१८ च्या सुमारास सुरू झाला, त्यात महाराष्ट्रातले पहिले चार जिल्हे भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा. त्याचं सूत्र अगदी साधं आहे: ठरलेली मोजकी औषधं, गोळ्या एकदम महिनाभराच्या, आणि जवळच्या उपकेंद्रातही मिळायची सोय, म्हणजे माणूस कंटाळून सोडून देत नाही. "डोकं जड वाटलं की गोळी" हे मात्र त्यांच्या सूत्रात कुठंच बसत नाही. बीपी वाढलेलं बहुतेकांना कळतच नाही. डोकं हलकं असतानाही ते वाढलेलंच असतं. रोज एका वेळेला, दात घासल्यावर, घ्या. तुम्ही लिहिलेलं नाही, पण मला दिसतंय: आधी ती गोळी पाण्याच्या तांब्यासकट कुणीतरी हातावर ठेवत असणार. आता ती जागा डबीला द्या. सात कप्प्यांची प्लॅस्टिकची डबी मिळते, वारांची नावं घातलेली. रविवारी भरायची. रिकामा कप्पा म्हणजे घेतली, भरलेला म्हणजे राहिली. तुम्ही जन्मभर रात्री तिकीट आणि पैसे जुळवलेत, हा हिशेब तुम्हाला जड नाही.

डोळ्याचं. धुरकट म्हणताय, बहुतेक मोतीबिंदूच असेल, पण ते बघणाऱ्यानं सांगायचं. आपल्याकडे अजून लोक तो "पिकायची" वाट बघतात. ती जुन्या काळच्या ऑपरेशनची गोष्ट. आता कामात अडथळा यायला लागला की करतात, फार पिकलेला उलट काढायला अवघड. ऑपरेशन अर्ध्या तासाच्या आतलं, भूल डोळ्यापुरती, साताऱ्याला सिव्हिलमध्ये फुकट. अंधत्व निवारणाचा कार्यक्रम देशात १९७६ पासून चालू आहे, सरकारी आरोग्य खात्यात इतकी मुरलेली दुसरी गोष्ट क्वचित सापडेल. नंतर काही आठवडे डोळ्यात थेंब घालायला आणि पहिले तीन-चार दिवस घरात माणूस लागतो. त्यासाठी मुलाला बोलवा. सतरा योजना पाठवण्यापेक्षा त्यानं चार दिवसांची रजा पाठवावी, आणि हे वाक्य त्याला वाचून दाखवलंत तरी माझी हरकत नाही.

मोरीला भिंतीत धरायला दांडी बसवा. टॉवेल अडकवायची नव्हे. ती टाइलला दोन स्क्रूवर असते आणि अंगाचा भार पडला की टाइलसकट हातात येते. स्टीलची जाड दांडी, टाइलच्या आत विटेत खोल ड्रिल मारून, कमरेच्या उंचीला. एक जिथं बसून उठता तिथं, एक आत शिरताना उजव्या हाताला. प्लंबर म्हणेल, "तात्या, कशाला उगाच," त्याला आधी तुम्हीच हात धरून उठवून दाखवा. पलंगापासून मोरीपर्यंत रात्रभर एक लहान दिवा राहू दे. रात्री उठताना पाय खाली सोडून मिनिटभर पलंगाच्या कडेला बसायचं, मग उभं राहायचं. हे मिनिट गोळीइतकंच महत्त्वाचं आहे.

दूधवाला आला म्हणून निभावलं. पण दूधवाला म्हणजे व्यवस्था नव्हे. शेजारच्या घरी एक किल्ली ठेवा आणि ठरवून टाका: सकाळी सातपर्यंत पुढचं दार उघडं दिसलं नाही तर त्यांनी येऊन बघायचं. साधा बटणांचा मोबाईल गळ्यात दोरीनं, मोरीतही. त्यात १०८ घालून ठेवा, सरकारी रुग्णवाहिका फुकट येते. पोलीस ठाण्यात एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी ठेवायची असते, तिथं नाव घातलंत तर बरं, पण माझा जास्त भरवसा शेजारणीवर.

आता त्या सतरा योजना. तात्या, तुम्ही कंट्रोलर होतात. वेळापत्रक भिंतीवर रंगवलेलं असायचं, तरी प्रत्येक जण खिडकीशी येऊन विचारायचा, "फलटण लागली का?" कारण गाडी खरी कुठं लागलीय ते भिंतीला माहीत नसतं. योजनांचं हेच आहे. मोबाईलवर फक्त वेळापत्रक येतं. त्यामुळे कुठली योजना कितीची, यापेक्षा कोणत्या खिडकीवर कोणता माणूस बसतो हे मी सांगते.

तुमच्या उपयोगाचं सगळ्यात मोठं म्हणजे सत्तरीच्या वरच्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड. २९ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झालं. उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंतचा दवाखान्यात दाखल होऊन घेतलेला उपचार, यादीतल्या सरकारी आणि खाजगी रुग्णालयांत. आधीपासून असलेल्या आजारासाठी थांबावं लागत नाही. पण त्यातून रोजच्या बीपीच्या गोळ्या, चष्मा, साधी तपासणी निघत नाही. लोक कार्ड घेऊन ओपीडीत जातात आणि भांडून परत येतात. मोठ्या आजारासाठी ते तिजोरीत ठेवल्यासारखं ठेवायचं. खाजगी रुग्णालयात जायची वेळ आली तर दाखल होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला गाठा, योजनेचं टेबल असतं त्याचं. हा आजार इथं यादीत आहे का, एवढंच विचारा. दाखल झाल्यावर विचारणं म्हणजे गाडी सुटल्यावर फलाट विचारणं.

कार्ड आधारवर निघतं आणि वय आधारवरचंच धरतात. आपल्या पिढीत मास्तरांनी निम्म्या गावाची जन्मतारीख १ जून लावलेली, तेव्हा आधारवर काय छापलंय ते एकदा बघून घ्या. दुसरी गोम ओटीपीची. तुमच्या आधारला नंबर कुणाचा जोडलाय? माझी पैज आहे, मुलाचा. मग तुम्ही केंद्रात खुर्चीवर बसून राहणार आणि ओटीपी पुण्यात मीटिंगमध्ये वाजणार. आधी त्याला वेळ कळवा, मग जा. बोटांचे ठसे झिजलेले असतात आपल्या वयात, ते उमटले नाहीत तर चेहऱ्यावरून किंवा ओटीपीवरून काम होतं, "ठसे येत नाहीत, पुढच्या महिन्यात या" ऐकून परत फिरू नका. आणि फोन करून कार्डासाठी ओटीपी मागणारा माणूस चोर असतो. यात अपवाद नाही.

मुख्यमंत्री वयोश्री योजनेचे ३००० रुपये दरमहा मिळतात असा एक मेसेज फिरतोय, तो तुमच्या सतरांत असणारच. ते दरमहा नाहीत, एकदाच मिळतात, खात्यात. २०२४ ची योजना आहे, वय ६५ च्या वर, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत. पैसे चष्मा, श्रवणयंत्र, काठी, वॉकर, कमोड खुर्ची, कमरेचा पट्टा अशा वस्तूंसाठी. अटीत बसत असाल तर समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांच्या कार्यालयात विचारा आणि वस्तूचं बिल जपून ठेवा. श्रावणबाळ योजनेचा नाद सोडा, तिची उत्पन्नाची मर्यादा इतकी खाली आहे की पेन्शनवाला तिच्यात बसणं कठीण. आई-वडिलांच्या पोटगीचा २००७ चा कायदाही मुलानं पाठवला असेल तर कौतुक आहे त्याचं. प्रांतांपुढं अर्ज करून महिना १० हजारांपर्यंत पोटगी मिळू शकते, शेजारीपाजारी कुणाला गरज असेल तर सांगा. तुम्हाला लागणार नाही.

एसटीच्या सवलतीबद्दल मी तुम्हाला काय शिकवणार! ६५ नंतर अर्धं आणि ७५ पूर्ण झाल्यावर फुकट, २६ ऑगस्ट २०२२ पासून. उरलेल्या काही महिन्यांत अर्ध्या तिकिटाचा मान ठेवा.

काहीच सुचलं नाही, खिडकीच सापडली नाही, तर १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, सकाळी आठ ते रात्री आठ, मराठीत बोलतात. रात्री मनावर दगड ठेवल्यासारखं होतं, कुणाशी तरी बोलावंसं वाटतं, तेव्हा १४४१६. टेलिमानस म्हणतात त्याला, रात्रभर चालू असतं. चौदा महिने म्हणजे फार काळ नव्हे. झोप न येणं हा नुसता झोपेचा प्रश्न आहे असं धरून चालू नका. डॉक्टरांना गोळीचं पाकीट दाखवाल तेव्हा मंडळी गेल्याचंही सांगा. ते पण कंसात नको.

राहिला संघ. तुमचं म्हणणं अगदीच खोटं नाही. मी पाच-सहा संघ जवळून पाहिलेत. माईक एकदा हातात आला की सोडत नाहीत, प्रत्येक महिन्याला वाढदिवसांचा नारळ-टॉवेल असतो, आरोग्यावरच्या व्याख्यानात तोच हृदयाचा आकार फळ्यावर काढतात, आणि अध्यक्ष-चिटणिसांचं आपसात पटत नाही. बायका कमी असतात, असल्या तर मागच्या खुर्च्यांवर. पण पंचायत समितीचा कुठला बाबू कामाचा, शुगरचं शिबिर कधी लागणार, मोतीबिंदूची गाडी साताऱ्याला कुठल्या वारी जाते, हयातीचा दाखला घरबसल्या पोस्टमन करून देतो की नाही, हे गावात जर कुणाला बिनचूक माहीत असेल तर ते त्या "म्हाताऱ्यांना". राज्यभरच्या संघांचा फेस्कॉम म्हणून महासंघ आहे, त्यामुळे वरची बातमीही तिथं आधी पोचते. मुलाच्या सतरा मेसेजांवर तिथल्या एका चहाला जास्त माहिती मिळेल, आणि चूक असली तर चारजण तिथल्या तिथं टोकतील. व्हॉट्सअ‍ॅपवर टोकायला कुणी नसतं.

माझे वडील काठी वापरायचे नाहीत. "ती म्हाताऱ्यांची" म्हणायचे, ८१ व्या वर्षी. शेवटी एकदा नातवानं डोंगर चढायला म्हणून काठी आणली, तर रोज घेऊन फिरायला लागले. तेव्हा तुम्हाला मी संघाचा सभासद व्हा असं सांगतच नाही. कामाला जा. प्रत्येक संघ वर्षातून दोनदा सहल काढतो, अक्कलकोट-तुळजापूर नाहीतर गणपतीपुळे, आणि प्रत्येक वेळी खाजगी बसवाला त्यांना गुंडाळतो. प्रासंगिक करारावर एसटी कशी घ्यायची, अनामत किती, किलोमीटर कसे धरतात, डेपोत अर्ज कुणाकडे, हे त्यातल्या एकालाही नीट माहीत नसणार. चिटणिसाला जाऊन एवढंच म्हणा, "सहलीचं मी बघतो." पुढच्या आठवड्यात तुम्हाला न विचारता खुर्ची धरून ठेवतील. आणि सहलीला निघताना डबल बेल तुम्हीच मारा.

मुलाचं बोलावणं नाकारू नका, पण घर बंद करून जाऊ नका. ऑपरेशनपुरतं तो येईल, दिवाळीला पंधरा दिवस तुम्ही जा. तिथं करमत नाही याचं कारण पुणं नाही. तिथं तुम्हाला कुणी तात्या म्हणत नाही, फक्त "अमक्याचे वडील" म्हणतात. पुढं कधी खरंच झेपेनासं झालं, तर तेव्हा परत लिहा. आज ती वेळ नाही.

सोमवारी गोळीचं पाकीट घेऊन रुग्णालयात, त्याच केसपेपरवर डोळा. त्या आठवड्यात दांडी. कार्ड त्यानंतर, मुलाला वेळ विचारून. आणि पत्र खाली ठेवलंत की उठून मोरीच्या दारातलं ते सुटं पायपुसणं आधी उचला. तुम्ही त्याबद्दल लिहिलेलं नाही, पण असणार. प्रत्येकाच्या घरी असतं.